मोझेलच्या खोऱ्यातून सायकल आणि रेल्वेने: पहिल्यांदा जाणाऱ्या मित्रमंडळींसाठी मार्गदर्शक

मित्रमंडळींनी मिळून युरोपातील वाइनच्या प्रदेशात सायकलने फिरायचे ठरवले, की खरा प्रश्न उभा राहतो तो प्रत्येकाच्या वेगवेगळ्या दमाचा. गटात दोघे रोज पहाटे घाट चढणारे असतात, दोघांनी कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नसतो आणि कोणाचा तरी गुडघा कुरकुरत असतो. अशा मिश्र गटाला मी नि:शंकपणे जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे सुचवते. तेथील सायकलमार्ग नदीकाठाने जवळजवळ सपाट जातो, गावे एकमेकांना लागून आहेत, आणि ट्रीअर ते कोब्लेन्झ हा लोहमार्ग सोबतीला असल्याने थकलेल्याने गाडीत बसावे, ताज्यातवान्याने पेडल मारावे आणि संध्याकाळी सर्वांनी एकाच टेबलावर भेटावे, हे सहज जमते. मात्र ही रेल्वे सगळीकडे हाताशी नसते. ती कुठे आहे आणि कुठे नाही, हे आधी समजून घेतले तर पुढचे नियोजन सोपे जाते.

१. नकाशा वाचा: रेल्वे नदीला कुठे धरते, कुठे सोडते

ट्रीअर ते कोब्लेन्झ हे अंतर रेल्वेने सुमारे ११२ किलोमीटर आहे आणि जलद प्रादेशिक गाडी ते साधारण दीड तासात कापते. नदीकाठच्या सायकलमार्गाने हेच अंतर २०० किलोमीटरच्या आसपास भरते, कारण मोझेल सतत वळणे घेत वाहते, तर १८७९ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग बोगदे आणि पूल यांच्या आधारे ती वळणे टाळतो. कोखेम आणि एलर या गावांमधील कायझर विल्हेल्म बोगदा ४,२०५ मीटर लांब आहे. गाडी तो काही मिनिटांत पार करते. त्याच दोन गावांमध्ये नदीकाठाने जायचे तर वीस किलोमीटरहून अधिक सायकल चालवावी लागते.

नदी ज्या दिशेने वाहते तिकडे तोंड करून उभे राहिल्यास जो डावा हात, तो डावा काठ. कोखेमपासून कोब्लेन्झच्या वेशीपर्यंत रूळ डाव्या काठाने जातात आणि क्लॉटेन, पोमर्न, मोझेलकर्न, हात्झेनपोर्ट, विनिंगन अशी स्थानके थोड्या थोड्या अंतरावर येतात. एलरच्या वर, म्हणजे ट्रीअरच्या दिशेला, मात्र चित्र बदलते. तेथे रेल्वे नदी ओलांडून उजव्या काठावरील नेफ आणि बुलाय या स्थानकांकडे जाते, बुलायनंतर दुमजली पुलावरून (वर रेल्वे, खाली रस्ता) पुन्हा डावीकडे येते आणि नंतर नदीची साथ सोडून विट्लिशमार्गे आत वळते. बुलायहून ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत एक छोटा फाटा आहे.

म्हणजे ट्रीअरजवळच्या श्वाइशपासून ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत या मधल्या मोझेलवर रेल्वेच नाही, आणि पीसपोर्ट, बर्नकास्टेल-कूस, वेलेन, युर्झिग ही वाइनसाठी सर्वांत नावाजलेली गावे नेमकी याच भागात आहेत. नवख्या गटांची सर्वाधिक फसगत येथे होते. बर्नकास्टेलला पूर्वी रेल्वे होती. आता त्या रुळांच्या जागी डाउन या गावाहून येणारा सायकलमार्ग आहे. या भागात दमलेल्या सोबत्यासाठी दोन पर्याय उरतात. हंगामात ट्रीअर, बर्नकास्टेल आणि बुलाय यांना जोडणाऱ्या, सायकलींसाठी ट्रेलर लावलेल्या ‘रेगिओराडलर’ बसगाड्या धावतात. त्यात सायकलची जागा आधी राखून ठेवावी. दुसरा पर्याय बर्नकास्टेल ते ट्राबेन-ट्रारबाख या प्रवासी बोटींचा. दोन्हींच्या फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवा.

२. महिना आणि दिशा

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. आपल्याकडे नाशिक भागात द्राक्षतोडणीचा मुख्य हंगाम जानेवारी ते मार्च असतो. मोझेलवर ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. तोडणी पाहायची असेल तर सप्टेंबरचा शेवट गाठा, पण त्या काळात खोल्या भरलेल्या असतात आणि बागांमधून जाणाऱ्या काही पायवाटा बंद ठेवल्या जातात. हिवाळ्यात जाऊ नये. बहुतेक छोटी वाइनघरे बंद असतात आणि नदीला पूर आल्यास सायकलमार्ग पाण्याखाली जातो. काठावरील गावांत घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळ्या वर्षांसह कोरलेल्या आढळतात. त्यात १९९३ ची रेघ उंचीमुळे चटकन नजरेत भरते.

दिशा ट्रीअरकडून कोब्लेन्झकडे, म्हणजे प्रवाहाबरोबर ठेवा. उतार नाममात्र आहे, पण वारा बहुधा पश्चिमेकडून येत असल्याने एकूण प्रवासात तो पाठीशी राहण्याची शक्यता जास्त असते.

३. व्हिसा आणि कागदपत्रे

अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. प्रत्यक्षात मुलाखतीची वेळच उशिरा मिळते, म्हणून दोन-तीन महिने हाती ठेवा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमचे सर्वाधिक मुक्काम आहेत. लक्झेंबर्गला एक दिवस जाणार असलात तरी या प्रवासासाठी जर्मनीकडेच करावा.

प्रत्येकाने स्वतंत्रपणे जमवायची कागदपत्रे:

– परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत दिलेला आणि दोन कोरी पाने असलेला पासपोर्ट
– भरलेला अर्ज आणि ठरवून दिलेल्या मापाची छायाचित्रे
– किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास वैद्यकीय विमा
– जाण्या-येण्याच्या विमानतिकिटांचे आरक्षण आणि सर्व रात्रींच्या मुक्कामाचे पुरावे
– बँकेची अलीकडची विवरणपत्रे, आयकर विवरणपत्र, नोकरी असल्यास रजेचे पत्र व पगारपत्रके
– दिवसवार कार्यक्रम आणि सोबत कोण येत आहे हे सांगणारे पत्र

गटांची अडचण मुक्कामाच्या पुराव्यात होते. एक जण सर्वांच्या खोल्या स्वतःच्या नावाने घेतो आणि बाकीच्यांकडे दाखवायला काहीच राहत नाही. आरक्षण करतानाच सर्वांची पासपोर्टवरील पूर्ण नावे पावतीवर घ्या. विम्याबाबतही एक खात्री करा: पॉलिसीत सायकल चालवताना झालेली दुखापत वगळलेली नाही ना, हे अटींच्या मजकुरात स्वतः वाचा.

४. मुक्काम

जर्मन सायकल संघटनेची ‘बेट उंट बाइक’ ही पाटी असलेली घरे निवडावीत. तेथे एका रात्रीसाठीही सायकलस्वारांना घेतले जाते आणि सायकली ठेवायला कुलूपबंद जागा मिळते. इतरत्र, विशेषतः शनिवार-रविवारी, दोन रात्रींची अट घालतात किंवा एका रात्रीसाठी जादा आकार लावतात. अनेक द्राक्षबागायतदारांच्या घरीच पाहुण्यांच्या खोल्या असतात. माझी पसंती त्यांनाच आहे, कारण रात्री ज्याची वाइन प्यायलो तोच सकाळी न्याहारीची टोपली आणून ठेवतो आणि पुढच्या रस्त्याचे काम कुठे चालू आहे हेही सांगतो. किती वाजता पोहोचणार हे त्यांना आधी कळवा. ही हॉटेले नव्हेत. संध्याकाळी घरातील माणसे बागेत गेलेली असू शकतात.

५. सायकल भाड्याने घेताना

सायकली ट्रीअरमध्ये घ्या आणि दोन-तीन महिने आधी ठरवा. प्रत्येकाची उंची कळवावी लागते. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याची सोय सगळीकडे नसते, आणि असली तरी तिचे वेगळे पैसे पडतात. शेवटच्या दिवशी कोब्लेन्झहून रेल्वेने सायकलींसह ट्रीअरला परत येणे हा मार्ग अधिक सोपा व स्वस्त ठरतो.

दुकानाबाहेर पडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा, कारण त्या आपल्या सवयीच्या उलट आहेत. पहिली ब्रेकची. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो; जर्मनीत बहुधा डावा हात पुढचे चाक थांबवतो आणि उजवा मागचे. घाईत डावा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. दुसरी गोष्ट पेडलची. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पायाचा ब्रेक असतो, म्हणजे पेडल उलटे फिरवले की मागचे चाक अडते. आपण सिग्नलला थांबताना पाय सोयीचा यावा म्हणून पेडल सहज मागे फिरवतो. तसे येथे फिरतच नाही. त्यामुळे थांबतानाच एक पेडल वरच्या बाजूला येईल अशी सवय करावी लागते. दुकानासमोरच्या गल्लीत दहा मिनिटे हाच सराव करा. पायाचा ब्रेक नको असेल तर ‘फ्रायलाउफ’ हवे असे सांगा.

पुढचा-मागचा दिवा, घंटी, कुलूप, पंप आणि पंक्चरचे सामान सोबत आहे ना हे पाहा. मागच्या कॅरिअरला अडकवायच्या जलरोधक पिशव्या दुकानात भाड्याने मिळतात. पाठीवर सॅक घेऊन दिवसभर सायकल चालवणे फार कष्टाचे होते. मोठी बॅग पुढच्या मुक्कामी पोहोचवण्याची सोय असते, पण तिची मागणी आदल्या दिवशीपर्यंत नोंदवावी लागते.

६. तिकिटे, फलाट आणि सायकलचा डबा

गटासाठी राइनलान्ड-फाल्झ राज्याचे एकदिवसीय तिकीट सोयीचे आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर प्रादेशिक गाड्यांतून कितीही वेळा चढता-उतरता येते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतर चालते, शनिवार-रविवारी पहाटेपासून. तिकिटावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात. ती कोरी ठेवून गाडीत बसू नका, तपासनीस आल्यावर लिहिणे चालत नाही. ‘डॉइचलान्ड-टिकेट’ या मासिक तिकिटाचाही विचार होतो. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना मिळते. त्यावर देशभरातील प्रादेशिक गाड्या चालतात, पण ते आपोआप नूतनीकरण होणारे सदस्यत्व आहे आणि त्याच महिन्यात संपवायचे तर १० तारखेपर्यंत रद्द करावे लागते. घरी परतल्यावर दर महिन्याला पैसे कापले जाण्याची तक्रार बहुतेक यामुळेच उद्भवते.

सायकलचा हिशेब वेगळा आहे. या राज्यात प्रादेशिक गाड्यांतून सायकल सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर विनामूल्य नेता येते. त्याआधी तिचे तिकीट काढावे लागते. अतिजलद आयसीई गाड्यांत मात्र सायकलसाठी आरक्षण लागतेच.

विनामूल्य असली तरी जागेची हमी नसते. व्हीलचेअर आणि बाळगाडी यांना आधी जागा दिली जाते, आणि उन्हाळ्यातील रविवारी दुपारी कोखेमच्या फलाटावर इतक्या सायकली उभ्या असतात की सहा जणांचा गट एका दारातून आत जाणे अशक्य होते. म्हणून दोन-दोनच्या जोड्या करा आणि फलाटावर अंतर ठेवून उभे राहा. गाडी येताना दारांवरील सायकलचे चित्र पाहा, पिशव्या आधीच सायकलवरून काढून हातात घ्या, आतल्यांना पूर्ण उतरू द्या. डब्यात सायकली भिंतीला एकमेकींना टेकून उभ्या राहतात. जो आधी उतरणार त्याची सायकल बाहेरच्या बाजूला यायला हवी, म्हणून शेजारच्या प्रवाशाला कुठे उतरणार हे विचारणे तेथे शिष्टाचाराचे मानतात. पट्ट्याने सायकल बांधा आणि जवळच बसा. एखादी जोडी मागे राहिली तर तिने पुढच्या गाडीने यावे, असे आधीच ठरलेले असावे.

कोब्लेन्झ ते ट्रीअर या जलद गाड्यांत बहुधा दोन गाड्या एकत्र जोडलेल्या असतात. ट्रीअरला त्या सुटतात आणि एक लक्झेंबर्गला, दुसरी झारब्रुकेनकडे जाते. ट्रीअरच्या पुढे जाणार असाल तर डब्यावरील पाटी पाहूनच बसा.

७. टप्पे

पहिला दिवस सरावाचा ठेवावा. सकाळी ट्रीअरहून रेल्वेने पेर्ल गाठा. समोरच्या काठावर, पुलापलीकडे, लक्झेंबर्गमधील शेंगेन हे छोटेसे वाइनगाव आहे. १४ जून १९८५ रोजी याच गावाजवळ मोझेलवरील ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या बोटीवर तो करार झाला, ज्याच्या नावाचा शिक्का मिळवण्यासाठी आपण एवढी कागदपत्रे जमवली. तेथून नदीकाठाने ट्रीअरला सायकलवर परत या. सीमा ओलांडत असल्याने पासपोर्ट जवळ बाळगा.

ट्रीअर ते बर्नकास्टेल-कूस हा पुढचा टप्पा सुमारे ६५ किलोमीटरचा आहे. नवशिक्यांनी तो पीसपोर्टला तोडून दोन दिवसांत करावा. तोडण्यात तोटा काहीच नाही: वाटेत नॉयमागेन येथे रोमन काळातील दगडी वाइनजहाजाची प्रतिकृती आहे (१८७८ मध्ये सापडलेले मूळ शिल्प ट्रीअरच्या संग्रहालयात ठेवले आहे), आणि पीसपोर्टला बागांच्या पायथ्याशी चौथ्या शतकातील रोमन द्राक्षघाणा १९८५ मध्ये उजेडात आला. सोळाशे वर्षांपूर्वी ज्या उतारावरची द्राक्षे येथे तुडवली गेली, त्याच उतारावर आजही वेली उभ्या आहेत.

बर्नकास्टेल ते ट्राबेन-ट्रारबाख हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. ते मुद्दाम कमी ठेवा, कारण या पट्ट्यात थांबण्यासारखे फार आहे. वेलेनसमोरच्या कड्यावर १८४२ मध्ये बांधलेले सूर्यघड्याळ आहे. बागेत काम करणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून ते बांधले आणि पुढे त्या मळ्यालाच त्याचे नाव मिळाले. तेथे सायकल उभी करून जमिनीकडे पाहा. माती जवळपास दिसतच नाही. निळसर-करड्या पाटीच्या दगडाच्या चपट्या कपच्या पसरलेल्या असतात आणि दुपारी त्यांना हात लावला तर चटका बसतो. दिवसभर साठवलेली ही ऊब रात्री वेलींना मिळते, म्हणूनच इतक्या उत्तरेला रीसलिंग ही वाइनच्या द्राक्षांची जात पिकते. द्राक्षे तोडून तोंडात टाकू नका. ती कोणाची तरी वर्षभराची मेहनत आहे आणि तोडणे ही चोरीच धरली जाते.

ट्राबेन-ट्रारबाख ते कोखेम हा सुमारे ५५ किलोमीटरचा टप्पा आहे, पण येथून रेल्वे मदतीला येते. थकलेल्यांनी बुलायला गाडी पकडावी. मात्र बुलाय ते एलर हा भाग शक्यतो सर्वांनी सायकलने करावा, कारण ब्रेमजवळील काल्मोंट हा युरोपातील सर्वांत उभ्या द्राक्षउतारांपैकी एक असून त्याचा कल ६५ अंशांच्या घरात जातो. वेलींच्या रांगांमधून एकच दातेरी रूळ वर चढवलेला दिसतो. त्यावरून चालणाऱ्या छोट्या यंत्रगाडीतून मजूर आणि द्राक्षांच्या पाट्या ने-आण करतात. पुढे बाइलश्टाइनला होडी सायकलींसह पलीकडे नेते.

शेवटचा कोखेम ते कोब्लेन्झ टप्पा पन्नासेक किलोमीटरचा. मोझेलकर्नला सायकली स्थानकाजवळ कुलूप लावून ठेवा आणि ओढ्याकाठच्या जंगलवाटेने एल्ट्झ किल्ल्यापर्यंत चालत जा; ती वाट सायकलची नाही. हिवाळ्यात किल्ला बंद असतो.

८. रस्त्याचे नियम

वाहतूक उजव्या बाजूने चालते. सरळ रस्त्यावर याचा विसर पडत नाही. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना आणि डावीकडे वळताना. म्हणून प्रत्येक विश्रांतीनंतर पुढच्या माणसाने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणावे. वळण्यापूर्वी हात दाखवा, एका मागे एक चाला, ट्रॅक्टरला वाट द्या. सायकल चालवताना फोन हातात घेतल्यास ५५ युरो दंड आहे.

मद्याबाबत गैरसमज मोठा आहे. सायकलस्वारासाठी रक्तातील मद्याची मर्यादा १.६ प्रति हजार आहे असे ऐकून लोक निश्चिंत होतात, प्रत्यक्षात ०.३ च्या पुढे तोल गेला किंवा अपघात झाला तरी गुन्हा होऊ शकतो. दिवसा पाणी, संध्याकाळी सायकली आत ठेवल्यानंतर वाइन, हा नियम गटाने निघण्यापूर्वीच मान्य करावा आणि त्याला अपवाद करू नये.

९. वाइनघरात

दारावर झाडू किंवा हिरव्या फांद्यांचा गुच्छ टांगलेला दिसला, की ते ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ समजावे. बागायतदाराला वर्षातून चार महिन्यांपर्यंत आपल्याच वाइनचा आणि साध्या जेवणाचा असा घरगुती व्यवसाय करता येतो. बाके लांब असतात, अनोळखी माणसांशेजारी बसावे लागते आणि तीच त्यातली मौज आहे. पैसे रोख ठेवा. कार्ड चालेलच असे नाही.

बाटलीवरील ‘ट्रोकेन’ म्हणजे कोरडी, ‘फाइनहेर्ब’ म्हणजे किंचित गोडसर, ‘लीबलिश’ म्हणजे गोड. ‘काबिनेट’ प्रकारात मद्यांश अनेकदा ८-९ टक्केच असतो, त्यामुळे सुरुवात त्याने करावी. वाइन न पिणाऱ्यांनी ‘ट्राउबनझाफ्ट’ मागावे. त्याच बागेतील द्राक्षांचा हा रस उत्तम असतो. शाकाहारी सोबत्यांनी कांदा घालून भाजलेल्या ‘पाय’पासून आणि पातळ पिझ्झासारख्या ‘फ्लामकूखन’पासून सावध राहावे, दोन्हींत बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘ओने श्पेक’ असे सांगितल्यास ताजा फ्लामकूखन त्याशिवाय करून देतात. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, म्हणून ब्रेड, चीज आणि फळे शनिवारीच घ्या.

तळघर पाहून चाखायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. घरचा माणूस काम सोडून तासभर देतो, तेव्हा निघताना दोन-चार बाटल्या घेणे अपेक्षित असते. शरद ऋतूत मिळणाऱ्या ‘फेडरवाइसर’ या अर्धवट आंबलेल्या रसाची बाटली मात्र सायकलच्या पिशवीत घालू नका. आंबणे चालूच असल्याने तिचे झाकण हवाबंद नसते, आणि आडवी झाली की सगळा रस कपड्यांत जातो.

१०. बाटल्या घरी आणताना

वाइन शेवटच्या दिवशी घ्या, किंवा बागायतदाराला ती ट्रीअरच्या मुक्कामी पाठवायला सांगा. विमानात बाटल्या चेक-इन सामानातच जातात. प्रत्येक बाटली कपड्यांत गुंडाळून पिशवीच्या मधोमध ठेवावी. भारतात परतताना प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या निर्धास्त बसतात आणि तिसरी मर्यादेबाहेर जाते. एकाच्या बॅगेत सर्वांच्या बाटल्या भरू नका. ज्याच्या त्याने आपापल्या दोन घ्याव्यात आणि पावती पासपोर्टसोबत ठेवावी.